उजेडानं चालणारे रेणू, डीएनए आणि औषध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला शेजारच्या गावातल्या जिल्हा परिषद शाळेत उजेडानं आकार बदलणाऱ्या रेणूंवर बोललो. एका पोरानं दीड मिनिटाचा व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या ग्रुपवर फिरला आणि त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘सरांनी उजेडावर चालणारं सिकलसेलचं औषध शोधलं.’ सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे आणि त्यावर मी काहीही शोधलेलं नाही. एम.एस्सी. झाल्यावर चार वर्षं एका प्रयोगशाळेत असे रेणू बनवले, त्यातले बहुतेक फसले, आणि मी गावी परत आलो. पण तेव्हापासून फोनवर येणारे प्रश्न थांबलेले नाहीत. जे पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही प्रश्न विचारणाऱ्याच्याच भाषेत ठेवले आहेत.

१. उजेडानं चालणारा रेणू म्हणजे नेमकं काय?

उन्हात काळा होणारा चष्मा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या प्लास्टिकच्या काचेत रंगहीन रेणू असतात. उन्हातले अतिनील किरण लागले की रेणूतला एक बंध सुटतो, रेणू उघडून सपाट होतो आणि डोळ्याला दिसणारा उजेड शोषायला लागतो. सावलीत आला की तो आपोआप मिटतो. शाळेत मी हेच दाखवलं होतं. काचेवर कडुनिंबाचं एक पान ठेवलं, मिनिटभर उन्हात धरलं आणि पान उचललं. काळसर काचेवर पानाचा फिकट ठसा उमटला होता, कडेच्या करवती दात्यांसकट. बघता बघता तो विरून गेला.

ठरावीक रंगाच्या उजेडानं ज्याचा आकार बदलतो आणि दुसऱ्या उजेडानं किंवा नुसत्या उष्णतेनं जो पूर्वीसारखा होतो, त्या रेणूला फोटोस्विच म्हणतात. कळ दाबल्यासारखं चालू-बंद. त्यातला ‘बंद’ हा शब्द लक्षात ठेवा. प्रश्न ६ मध्ये सगळी गोची तिथेच आहे.

२. रेणूचा आकार बदलला तर शरीराला काय फरक पडतो?

फार पडतो. याचं उदाहरण तुमच्या घरातही घडलेलं असू शकतं. जन्मल्यावर कावीळ झालेल्या बाळाला दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवतात. कावीळ ज्यामुळे दिसते त्या बिलिरुबिनचा रेणू स्वतःभोवतीच मुडपलेला असतो आणि त्याचे पाण्यात विरघळू शकणारे भाग आत दडलेले असतात. निळा उजेड लागला की रेणूचा एक भाग वळतो, दडलेले भाग बाहेर येतात आणि बिलिरुबिन यकृताची वाट न पाहता पित्तातून निघून जातं. औषध काहीच दिलेलं नसतं, फक्त आकार बदललेला असतो.

हे लक्षात आलं ते इंग्लंडमधल्या एसेक्सच्या एका रुग्णालयातल्या परिचारिकेमुळे. ती बाळांना अंगणात उन्हात नेत असे. १९५६ मध्ये तिनं डॉक्टरांना एक बाळ दाखवलं. त्याचं अंग उजळलं होतं, पण चादरीचा कोपरा जिथे होता तिथे पिवळा त्रिकोण तसाच राहिला होता. १९५८ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. कडुनिंबाच्या पानाचा ठसा आणि तो त्रिकोण, दोन्हींमागचं तत्त्व एकच.

आपल्या डोळ्यातही हेच चालतं. रेटिनल नावाचा रेणू उजेडानं वाकड्याचा सरळ होतो आणि तिथूनच दिसण्याची सुरुवात होते. त्या कामासाठी जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल मिळालं.

३. याचा डीएनएशी संबंध कसा लावतात?

डीएनए म्हणजे दोन धाग्यांचा पीळ. त्याच्या आत सपाट जोड्या एकावर एक रचलेल्या असतात, भाकरींच्या चवडीसारख्या. दोन जोड्यांमध्ये साधारण ०.३४ नॅनोमीटरचं अंतर असतं. आता ॲझोबेन्झीन हा रेणू घ्या. त्याचं एक रूप, ट्रान्स, सपाट असतं. ते या चवडीत आणखी एक भाकर सरकवावी तसं सहज बसतं आणि पीळ उलट घट्ट होतो. त्यावर ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील उजेड टाकला की तो मोडून वाकडा होतो. हे त्याचं सिस रूप. दुमडलेली भाकर चवडीत घातली तर चवड जशी डगमगते, तसं होतं आणि दोन धागे सुटायला लागतात. निळा उजेड टाकला की रेणू पुन्हा सपाट होतो आणि धागे पुन्हा जुळतात.

हे करून दाखवलं जपानच्या आसानुमा आणि कोमियामा यांच्या गटानं, १९९९ मध्ये. त्यांनी ॲझोबेन्झीन डीएनएच्या धाग्यालाच शिवलं होतं. दुसरा मार्ग म्हणजे रेणू मोकळा ठेवायचा आणि उजेड पडल्यावरच त्यानं डीएनएला चिकटायचं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठातल्या गटानं २००८ मध्ये स्पायरोपायरन जातीच्या रेणूनं हे केलं. मिटलेला रेणू डीएनएकडे ढुंकूनही बघत नाही, उघडला की जाऊन बसतो.

धागे सुटणं किंवा घट्ट होणं याला महत्त्व का? कारण पेशीला एखादं जनुक वाचायचं असलं तर आधी तो पीळ उसवावा लागतो. उसवू दिलं नाही तर वाचन थांबतं.

४. एवढ्या मोठ्या डीएनएमध्ये रेणूला बरोबर जागा कशी सापडते?

खरं सांगायचं तर छोट्या रेणूला ती सापडत नाही. माणसाच्या डीएनएमध्ये ३०० कोटींहून जास्त अक्षरं आहेत आणि ॲझोबेन्झीनसारखा एकटा रेणू कुठल्याही दोन अक्षरांमध्ये घुसू शकतो. म्हणून त्याला डीएनएसारख्याच अक्षरांच्या छोट्या पट्टीवर बसवतात. अक्षरं चार प्रकारची, म्हणून १६ अक्षरांची पट्टी सुमारे ४२९ कोटी प्रकारे लिहिता येते. हा आकडा ३०० कोटींहून मोठा आहे, म्हणजे साधारण १६-१७ अक्षरांत पत्ता एकमेव होतो. पट्टी पत्ता शोधते, फोटोस्विच कळ सांभाळतो.

दुसरी युक्ती म्हणजे अक्षरं न वाचता आकार ओळखायचा. ग हे अक्षर जिथे दाटीनं येतं (वहीत आपण त्याला ग्वानीन लिहितो) तिथे डीएनएची चार पदरी घडी पडू शकते. गुणसूत्रांच्या टोकांशी अशा जागा आहेत आणि कर्करोगाच्या पेशींच्या संदर्भात त्यांच्यावर बरंच काम चालू आहे. ही घडी नेहमीच्या पिळाहून इतकी वेगळी असते की फक्त तिलाच धरणारे रेणू बनवता येतात. ब्रिस्टल विद्यापीठात ताठ-स्टिल्बीन जातीचे फोटोस्विच यासाठी वापरले गेले आहेत.

५. साधी गोळी घेतली तर काय बिघडतं? उजेडाची भानगड कशाला?

गोळीतलं औषध रक्तातून सगळीकडे जातं. कर्करोगाची बरीच औषधं डीएनएवरच काम करतात, पण गाठ कुठली आणि केसाचं मूळ कुठलं हे त्यांना कळत नाही. केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी पडतात. उजेड मात्र बोटभर जागेवर पाडता येतो आणि सेकंदात बंद करता येतो. औषध अंगभर फिरू दे, काम फक्त उजेड पडला तिथे आणि तेवढाच वेळ. जागा आणि वेळ, या दोन गोष्टींसाठी हा खटाटोप आहे.

६. असा रेणू बनवताना सगळ्यात अवघड काय असतं?

सगळ्यांना वाटतं, उजेडानं रेणू चालू करणं अवघड असेल. ते सोपं आहे. अवघड आहे त्याला बंद ठेवणं.

कृषिपंपाच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावलेला असतो ना, तसं समजा. रात्री दोनला थ्री फेज लाइन आली की मोटर आपणहून सुरू होते. विहिरीत पाणी असो की नसो. बिघडलेल्या फोटोस्विचचं वागणं असंच. त्याच्या बिघाडाच्या चार तऱ्हा मी हातानं अनुभवल्या आहेत.

पहिली, उजेड टाकला तरी सगळेच रेणू वळत नाहीत. साध्या ॲझोबेन्झीनवर अतिनील उजेड टाकला तर शंभरातले साधारण ८० वाकडे होतात आणि २० सरळच राहतात, कारण दोन्ही रूपं तोच उजेड थोडाथोडा शोषतात आणि कुठेतरी तोल साधला जातो. म्हणजे सरळ रूप हे ‘चालू’ धरलं तर ‘बंद’ केलं तरी पाचातला एक चालूच. कर्करोगाच्या औषधात पाचातला एक म्हणजे खेळ नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये २०१४ मध्ये एका बाजूचं कडं बदलून ॲरिलॲझोपायराझोल बनवलं गेलं. ते दोन्ही दिशांना जवळजवळ पूर्ण वळतं. या क्षेत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच. दिसायला किरकोळ बदल, पण मूळ दुखण्यावरच घाव.

दुसरी तऱ्हा उष्णतेची. वाकडं रूप अंधारातही हळूहळू सरळ होतं. साधं ॲझोबेन्झीन काही दिवस घेतं, पण त्याच्या कड्यांवर अणूंचे काही गट बसवले की तेच काम क्षणात होतं. तुमच्या प्रयोगशाळेतला मिथिल ऑरेंज याच घराण्यातला, आणि तो इतका झटपट सरळ होतो की स्विच म्हणून त्याचा उपयोग नाही. उन्हात काळा होणारा चष्मा जानेवारीत जितका गडद होतो तितका मे महिन्यात ४५ अंशांना होत नाही, त्याचं कारणही हेच. ऊन जास्त असूनही गरमीमुळे रेणू लगेच मिटतात. माणसाचं शरीर तर बारा महिने ३७ अंशांवर असतं.

तिसरी तऱ्हा रंगाची. अतिनील उजेड डीएनएला स्वतःच त्रास देतो (प्रश्न ९) आणि अंगात शिरतही नाही (प्रश्न ७). म्हणून रेणूला लाल उजेडावर वळायला शिकवावं लागतं. टोरोंटोमध्ये वूली यांच्या गटानं कड्यांवर चार ठिकाणी मेथॉक्सी गट लावले, तेव्हा ॲझोबेन्झीन हिरव्या आणि पुढे लाल उजेडानंही वळायला लागलं.

चौथी तऱ्हा, शरीरच रेणू मोडतं. ॲझो बंध, म्हणजे ॲझोबेन्झीनची दोन कडी जोडणारा सांधा, आतड्यातले जिवाणू तोडतात आणि पेशींतला ग्लुटाथायोन नावाचा रेणूही काही वेळा तोडतो. १९३५ मध्ये जर्मनीत डोमाक यांनी प्राँटोसिल नावाचा लाल रंग जिवाणूंवर औषध म्हणून पुढे आणला. परीक्षानळीत तो काहीच करायचा नाही, अंगात मात्र गुण द्यायचा. नंतर कळलं की शरीरात ॲझो बंध तुटतो आणि त्यातून निघालेला तुकडा, सल्फानिलामाइड, हेच खरं औषध. डोमाक यांना त्याचा फायदा झाला. फोटोस्विच बनवणाऱ्याचं मात्र अशा वेळी दिवाळं निघतं, कारण तुटलेल्या कळीला चालू-बंद काहीच उरत नाही.

आणि पाचवी, माझी स्वतःची. प्रयोगशाळेत आम्ही सगळ्या बाटल्या ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचो. एकदा मे महिन्यात आठवडाभर खपून केलेला नमुना मी खिडकीशी ठेवला आणि जेवायला गेलो. फॉइल बुडाशी फाटली होती. परत आलो तर बाटलीतलं अर्धं मिश्रण कुठल्या रूपात आहे ते सांगता येत नव्हतं. मोजणी परत पहिल्यापासून. डब्यातल्या पोळ्यांची फॉइल फाटली तर आजही मला ती बाटली आठवते.

७. उजेड अंगात किती खोल जातो?

रात्री मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर तळहात दाबून धरा. बोटांच्या कडा लालभडक दिसतील. टॉर्च पांढरा आहे, पण निळा आणि हिरवा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिननं गिळला आणि पार झाला तो फक्त लाल. अतिनील उजेड मिलिमीटरभरही जात नाही, निळा साधारण मिलिमीटरभर, लाल काही मिलिमीटर. लालच्या पलीकडचा जवळचा अवरक्त उजेड, साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरचा, त्याहून खोल जातो, पण तोही पातळ होत होत.

म्हणून त्वचा आणि डोळा हे या औषधांचे पहिले मानकरी. आतड्यात किंवा फुप्फुसाच्या नळीत दुर्बिणीतून बारीक तंतूनं उजेड नेता येतो. यकृताच्या मध्यभागी बाहेरून नेता येत नाही. तिसरा उपाय उलटा आहे: पेशीच बाहेर आणायच्या. तो प्रश्न १२ आणि १४ मध्ये आला आहे.

८. सर, मंग असं औषध घेऊन उन्हात वावरात गेलो तं काय होईन?

हा मला आलेला सगळ्यात शहाणा प्रश्न. एका कास्तकार भाऊंनी विचारला. संशोधक बहुतेक वेळा अशा देशांत बसलेले असतात जिथे ऊन ही कौतुकाची गोष्ट आहे. आपल्याकडे नवतपात सकाळी आठला डोक्यावर दुपट्टा घ्यावा लागतो. सूर्याच्या उजेडात अतिनील, निळा, लाल सगळंच आहे, म्हणजे चालू करणारा रंगही आणि बंद करणारा रंगही एकाच वेळी. त्यात रेणू कुठल्या रूपात राहील ते त्याच्या घडणीवर ठरतं.

औषध अंगात असेपर्यंत उघड्या त्वचेवर ते नको तिथे जागं होऊ शकतं. उजेडावर चालणाऱ्या जुन्या औषधांत हा त्रास नोंदलेला आहे आणि काही औषधांनंतर तर रुग्णाला आठवडेच्या आठवडे उन्हापासून दूर राहायला सांगतात. ज्याचं पोट शेतीवर आहे त्याला ‘सहा आठवडे उन्हात जाऊ नका’ हे सांगायला सोपं आहे, पण निंदण सुरू झालं की तो घरात बसणार नाही. म्हणून आपल्याकडच्या रुग्णासाठी असा रेणू हवा जो अंगातून लवकर निघून जाईल किंवा उन्हानं उलट बंदच होईल. अशी उलट्या स्वभावाची कळ रसायनशास्त्रात शक्य आहे.

९. अतिनील किरणांनी डीएनए बिघडतो म्हणतात. मग त्यानंच इलाज कसा?

बिघडतो, खरं आहे. डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड जोरात शोषतो. त्यानं शेजारची दोन थायमीन अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि तिथे वाचन अडतं. तुमच्या घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातला अतिनील दिवा याच पद्धतीनं जंतू निकामी करतो. ३६५ नॅनोमीटरचा उजेड त्या मानानं सौम्य, पण निरुपद्रवी नाही. म्हणून सगळी धडपड लाल उजेडाकडे जाण्याची आहे.

यातली गंमत अशी की, ही चिकटलेली अक्षरं सोडवणारं विकर निसर्गात आहे आणि ते निळ्या उजेडावर चालतं. त्याचं नाव फोटोलायेज. जिवाणूंत, झाडांत, बेडकांत ते आहे. माणसात नाही. आपण दुसऱ्या, लांबच्या वाटेनं दुरुस्ती करतो. फोटोलायेज उलगडणारे अझीझ संजार २०१५ च्या नोबेलमधले एक मानकरी.

१०. आमच्या धुऱ्यावर बावची उगवते. तिच्या बियांचं तेल कोडावर लावतात. ते हेच का?

बऱ्याच अंशी हो, आणि म्हणूनच सांभाळून. बावचीच्या काळ्या बियांत सोरालेन असतं. हा चपटा रेणू डीएनएच्या चवडीत जाऊन बसतो. अंधारात काही करत नाही. ३२० ते ४०० नॅनोमीटरचा अतिनील उजेड पडला की एका बाजूनं थायमीनला पक्का जोडला जातो, आणखी उजेड पडला की दुसऱ्या बाजूनंही. आता दोन्ही धागे टाचले गेले. हा फोटोस्विच नाही, कारण परत फिरत नाही. एका दिशेची कळ आहे. पण ‘उजेड पडेपर्यंत गप्प’ हा गुण त्यात आहे आणि तो आपल्या धुऱ्यावर फुकट उगवतो.

इजिप्तमध्ये एल मोफ्टी यांनी १९४० च्या दशकात दुसऱ्या एका वनस्पतीतलं सोरालेन कोडावर वापरलं. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी सोरालेन आणि अतिनील उजेड यांचा जोड उपचार आला, त्याला पुवा म्हणतात. कोडात त्याचा गुण येतो तो रंगपेशी पुन्हा जाग्या होण्यामुळे आणि त्यांच्यावर तुटून पडणारी प्रतिकारशक्ती मंदावल्यामुळे.

आता दुसरी बाजू. आमच्या शेजारच्या काकूंनी पायावरच्या डागाला बावचीचं तेल चोपडलं आणि दिवसभर कापूस वेचला. त्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशी पोटरीवर लिंबाएवढे फोड. हा भाजणं उशिरा उमटण्याचा प्रकार सोरालेनची खूणच आहे, त्यामुळे माणूस पहिल्या दिवशी ‘काही होत नाही’ म्हणून आणखी लावतो. बियांत रेणू किती हे दर हंगामाला बदलतं, ऊन किती लागलं ते कुणी मोजत नाही. दवाखान्यात दोन्ही मोजतात. त्यातही जास्त वर्षं पुवा घेतला तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून आता कोडासाठी बहुतेक वेळा सोरालेनशिवाय ३११ नॅनोमीटरचा उजेड वापरतात. त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बावची लावून वावरात जाऊ नका. गरोदर बाईनं तर मुळीच नाही.

११. लिंबू, संत्री, अंजीर यांच्यातही असं काही असतं का?

लिंबाच्या सालीत आणि अंजिराच्या चिकात सोरालेनचे भाऊबंद असतात. उन्हात लिंबू सरबताचा गाडा लावणाऱ्यांच्या हातावर पडणारे काळे डाग यामुळे असू शकतात. आपल्या नागपुरी संत्र्यात ते फारच कमी. खाण्यानं काही होत नाही. सालीचा रस अंगावर आणि वर ऊन, हे जुळलं तर त्रास.

१२. रक्त बाहेर काढून उजेड दाखवतात हे खरं का?

खरं आहे. त्वचेत पसरणाऱ्या एका लिम्फोमासाठी (पांढऱ्या पेशींच्या कर्करोगासाठी) याला अमेरिकेत १९८८ पासून मान्यता आहे. रक्त काढतात, पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यात सोरालेन घालून अतिनील उजेड दाखवतात आणि पेशी परत अंगात सोडतात. उजेड खोल जात नाही ही प्रश्न ७ मधली अडचण इथे राहतच नाही.

१३. सर, आमच्या पोराचा रिपोर्ट एसएस आला. या उजेडानं सिकलसेल बरा होते का?

नाही. आज नाही. हे औषध कुठेही मिळत नाही आणि कुणी मिळेल म्हणालं तर पैसे देऊ नका.

सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनच्या एका भागाच्या, जनुकात एकच अक्षर बदललेलं असतं, जीएजी च्या जागी जीटीजी. एसएस म्हणजे असं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलेलं. फोटोस्विचनं वाचन थांबवता येतं, अक्षर दुरुस्त होत नाही. आज पोराला उपयोगी पडतं ते हायड्रॉक्सीयुरिया, भरपूर पाणी, वेळेवर लसी, आणि ताप किंवा छातीत दुखणं आलं की त्याच दिवशी दवाखाना. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. तपासणी आणि औषधासाठी आधी गावातल्या आशाताईंना भेटा, मला नंतर.

काही जण असंही विचारतात की लाल पेशींवरच थेट उजेड टाकला तर? लाल पेशीत केंद्रकच नसतं. ज्या डीएनएवर काम करायचं तोच तिथे नाही. तो आहे हाडाच्या मगजातल्या मूळ पेशींत.

१४. मग क्रिस्परनं सिकलसेल बरा होतो म्हणतात ते काय? त्यात उजेड बसतो का?

क्रिस्पर म्हणजे डीएनए ठरावीक जागी कापणारी कात्री. तिच्यावर आधारलेल्या कॅसजेव्ही या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेत डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. त्यातही चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत. जन्मानंतर बंद होणारं गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा चालू होईल अशी काट मारतात. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. या उपचारात उजेड कुठेच नाही.

पण बसू शकतो, आणि मला तरी इथे सगळ्यात जास्त आशा वाटते. क्रिस्परची भीती अशी की कात्री जास्त वेळ चालू राहिली तर भलतीकडेही कापते. टोकियोत २०१५ मध्ये निळ्या उजेडावर जुळणारी आणि अंधारात सुटणारी कात्री बनवली गेली. २०२० मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या तेकजिप हा यांच्या गटानं कात्रीच्या वाटाड्या आरएनएवर उजेडानं गळून पडणाऱ्या गाठी मारल्या. कात्री जागेवर जाऊन थांबते, उजेड पडला की काही सेकंदांत कापते. सिकलसेलच्या उपचारात मूळ पेशी नाहीतरी अंगाबाहेर काढलेल्याच असतात, म्हणजे उजेड खोल न्यायचा प्रश्नच नाही. आणि बाहेरच्या भांड्यात नवतपाचं ऊनही नाही.

१५. यानं डीएनए कायमचा बदलतो का? पुढच्या पिढीत जाईल का?

परत फिरणारा फोटोस्विच अक्षरं बदलत नाही, वाचणं अडवतो. उजेड गेला, रेणू निघून गेला, की झालं. सोरालेन आणि क्रिस्पर यांचं तसं नाही, ते त्या पेशीत कायमची खूण करतात. पण त्वचेच्या किंवा मगजाच्या पेशीतला बदल मुलांत जात नाही. त्यासाठी तो बीजांडात किंवा शुक्राणूत व्हावा लागतो.

१६. कर्करोगावरची फोटोडायनॅमिक थेरपी हीच का?

नाही. त्यात रंगद्रव्य गाठीत साचवतात आणि लाल उजेडानं ते आसपासच्या ऑक्सिजनला इतकं तिखट बनवतं की पेशी जळते. ती कळ नाही, सुरुंग आहे. उपयोगी आहे, पण वेगळी. उजेडानं उपचार ही कल्पना मात्र जुनी आहे. त्वचेच्या क्षयरोगावर उजेड वापरल्याबद्दल डेन्मार्कच्या फिनसेन यांना १९०३ मध्येच नोबेल मिळालं होतं.

१७. बीटी कापसासारखंच का हे?

नाही. बीटीमध्ये बियाण्यातच नवं जनुक घातलेलं असतं आणि ते पऱ्हाटीच्या प्रत्येक पेशीत असतं. इथे जनुक घालत नाहीत.

१८. माणसांवर असे रेणू वापरून पाहिले आहेत का?

परत फिरणारे फोटोस्विच डोळ्यात वापरून पाहिले आहेत. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला रेटिनायटिस पिग्मेंटोसानं नजर गेलेल्या मोजक्या रुग्णांच्या डोळ्यात ॲझोबेन्झीन घराण्यातला रेणू टोचला गेला. पण तो डीएनएवर नाही, पेशीच्या पटलातल्या आयन-वाटांवर काम करतो. डीएनएवर चालणारं, परत फिरणारं एकही औषध आज बाजारात नाही. ही कामं परीक्षानळी आणि पेशींपर्यंत आलेली आहेत.

१९. बाजारात लाल दिव्याचा पट्टा ‘डीएनए दुरुस्त करतो’ म्हणून विकायला आला आहे. घ्यावा का?

आमच्या आठवडी बाजारातही एकजण आला होता. गुडघ्याला बांधायचा पट्टा, किंमत चार हजार. मी विचारलं, तरंगलांबी किती? तो म्हणाला, ‘जितनी चाहिए उतनी.’ माणसाच्या डीएनएत लाल उजेडानं वळणारी कळ मुळात बसवलेली नाही. रेणूशिवाय दिवा म्हणजे नुसता दिवा. गुडघ्याला थोडी ऊब मिळेल, ती चुलीपाशीही मिळते.

२०. मुलगी बारावीला आहे. तिला यात काम करायचं तर कुठे जावं?

बारावीनंतर आयसरची (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची) प्रवेश परीक्षा देता येते, पुण्याची आयसर २००६ पासून आहे. नाहीतर नागपूर किंवा अमरावती विद्यापीठातून बी.एस्सी. करून जॅम परीक्षेनं आयआयटीत एम.एस्सी. मी दुसऱ्या वाटेनं गेलो. तिला सेंद्रिय रसायन आवडायला हवं आणि अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तासन्‌तास बसायची तयारी हवी.

२१. चष्म्याचा प्रयोग आमच्या शाळेत करता येईल का?

करा. गावात कुणाकडे तरी तो चष्मा असतोच. जीपच्या काचेआड धरला तर काळा होत नाही, कारण पुढची काच अतिनील किरण अडवते. तेही पोरांना दाखवा. एकदा जानेवारीत करा, एकदा एप्रिलमध्ये शाळा सुटायच्या आधी. दोन्ही वेळा पान ठेवा आणि ठसा पुसला जायला किती सेकंद लागतात ते वहीत लिहा. आमच्याकडे सातवीच्या एका मुलीनं ते वर्गाच्या भिंतीवर खडूनं मांडलंय, जानेवारीचा रकाना एप्रिलच्या दुपटीहून उंच आहे. मास्तरांनी अजून भिंत पुसू दिलेली नाही.